चारशे रुपयांची नोटबुक

सकाळी ८.३०. कर्वेनगर, दुसऱ्या मजल्यावरची खोली. आज गुरुवार, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार. म्हणून या खोलीत राहणारी ती उठल्या उठल्या लॅपटॉप आणि मोबाइल चार्जिंगला लावते. लॅपटॉप वापरलेला, बावीस हजारांना घेतलेला. आजचं काम म्हणजे एका महाविद्यालयातल्या सरांची पायथन फाइल, रोजच्या पावसाच्या नोंदींवरची. तिची ज्युपिटर नोटबुक, म्हणजे तुकड्यातुकड्याने चालवता येणारी फाइल, करायची. एका नोटबुकचे चारशे रुपये.

९.००. आधी फाइल आहे तशी चालवते. तीनेकशे ओळी एका दमात पळतात आणि शेवटी आलेख उमटतो. मधे काय घडलं ते दिसतच नाही. विद्यार्थ्यांना दाखवायचंय ते नेमकं मधलंच.

९.२०. ज्युपिटेक्स्ट या प्रोग्रॅमची एक आज्ञा, की नोटबुक तयार. पण त्याला रिकामी ओळ दिसली की तो नवी सेल, म्हणजे नवा तुकडा, पाडतो. सरांनी रिकाम्या ओळी हात जाईल तशा सोडलेल्या. एक सेल दोन ओळींची, पुढची साठ ओळींची. ती मूळ फाइल उघडते आणि तुकडा हवा तिथे एक हॅश, एक जागा, दोन टक्क्यांची चिन्हं अशी खूण घालत जाते. फाइल वाचणं एक सेल, महिन्यांची बेरीज दुसरी. साठ ओळींचं फंक्शन मोडून त्याची चार करते. दुपारपर्यंत हेच. मान अवघडते. चहा दोनदा.

१२.१५. लाल अक्षरं. मूळ फाइल डेटा-फाइलचं नाव ती चालवायच्या आज्ञेतून घ्यायची. नोटबुकमागचा, कोड चालवणारा कर्नल स्वतःच्याच सूचना घेऊन सुरू होतो, त्या इथे आडव्या येतात. ती तो भाग काढून नाव पहिल्या सेलमध्ये लिहिते.

१.१०. वीज गेली. वायफाय गेलं. जेवण. मग मोबाइलचा डेटा, तोही स्वतःच्या पैशांचा.

२.००. आता सेलच्या मधला मजकूर, मराठीत. एका ओळीपाशी ती थांबते. कोऱ्या नोंदींच्या जागी शून्य भरलंय. फोन लावते.

‘सर, कोरी जागा म्हणजे पाऊस नाही, की त्या दिवशी मोजलंच नाही?’

पलीकडे जरा वेळ शांतता. ‘मोजलं नसणार. थांब, मूळ वही बघतो.’

अर्ध्या तासाने निरोप येतो: कोरं ते कोरंच ठेव. शून्यं काढल्यावर जुलैची सरासरी वर सरकते. सगळं एका दमात पळत होतं तोवर हे कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. मला तरी चारशेतले निम्मे इथेच फिटलेले वाटतात. या फोनचे वेगळे पैसे मात्र नाहीत.

४.३०. आलेखावर मराठी नावं घातली तर नुसते चौकोन. देवनागरी फॉन्ट जोडला, तर ‘मिलिमीटर’मधल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला. ती आलेखावर इंग्रजी ठेवते आणि खाली मराठीत खुलासा लिहिते.

५.४५. वीज आली. कर्नल बंद करून पुन्हा सुरू, सगळ्या सेल वरून खाली. हे ती कधी टाळत नाही. काम करताना सेल मागेपुढे चालवल्या जातात, पुसलेली ओळसुद्धा कर्नलच्या स्मृतीत जिवंत राहते, आणि विद्यार्थ्याकडे गेल्यावर नोटबुक अडते. चौदावी सेल अडतेच. वरची एक ओळ सकाळी उडवली होती. ती परत घालते.

६.४०. नोटबुक आणि तिच्या जोडीची साधी फाइल, दोन्ही पाठवते. उद्या कुणी काही बदललं, तर फरक साध्या फाइलीत वाचता येतो. सोबत बिल. पैसे महिनाअखेरीस. नोटबुक करायला आलेल्या दुसऱ्या फाइलीला आज हात लागलेला नाही. ती फाइल उघडते आणि रिकाम्या ओळी बघायला लागते.