पाटीच्या दगडाचे गाव

ज्या पाटीवर आपण श्रीगणेशा गिरवला, तसल्याच काळ्या दगडाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील असंख्य घरांची छपरे शाकारली. हा दगड वेल्सचा. उत्तर वेल्समध्ये स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी लॅनबेरिस हे लहानसे गाव आहे. जुन्या खाणी जोडीत जाणारी ८३ मैलांची पायवाट या गावातून जाते.

येणारा प्रवासी प्रथम तेराव्या शतकातील डोलबाडर्न किल्ल्याचा गोल बुरूज पाहतो. मग दिनॉर्विक खाणीचा कारखाना. खाण १९६९ साली बंद पडली आणि १९७२ साली कारखान्याचे संग्रहालय झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. तेव्हा जाणाऱ्याने आधी चौकशी करावी. तेथील १८७० सालचे पाणचक्र पन्नास फुटांहून अधिक व्यासाचे आहे. २०२१ साली युनेस्कोने या पाटीदगडाच्या मुलखाला जागतिक वारसा मानले.

पण वारसा म्हणजे केवळ बुरूज आणि चक्र नव्हे. या आवारात दुसऱ्या गावाहून हलवून आणलेली कामगारांची घरे आहेत. त्यांतले एक १९०१ सालच्या बेथेस्डा गावातील घरासारखे मांडलेले आहे. बेथेस्डा हे शेजारच्या खोऱ्यातले. तेथील पेनरिन खाणीत संघटनेच्या हक्कासाठी नोव्हेंबर १९०० पासून तीन वर्षे लढा चालला. ‘या घरात फितूर नाही’ असे फलक खिडक्यांत लागले. शेवटी कामगार हरले; मालकाने संघटनेला मान्यता दिली नाही.

मग या माणसांनी काय मिळविले? उत्तर ‘काबान’ या शब्दात आहे. काबान म्हणजे खाणीतील जेवणाची खोपटी. दुपारच्या सुटीत तेथे भाकरतुकडा खाता खाता राजकारण, धर्म, काव्य यांवर चर्चा होई, गायनाच्या स्पर्धा लागत. अध्यक्ष निवडला जाई. काही ठिकाणी सभेचा वृत्तान्तही लिहिला जाई. हे सारे त्यांच्या स्वतःच्या वेल्श भाषेत. ज्यांना महाविद्यालयाचे दार बंद होते, त्यांनी हे विद्यापीठ स्वतः उभारले.

अशा गावी जाणाऱ्याने यंत्र कोणत्या वर्षीचे, हे जरूर विचारावे. त्यापाठोपाठ ते चालविणाऱ्याला मजुरी काय मिळे, तो राही कोठे आणि सुटीत बोले काय, हेही विचारावे. संग्रहालये लोकांच्या प्रश्नांप्रमाणे घडतात. आपल्याकडेही जेथे जुने कारखाने जतन होतील, तेथे हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत.