गाडीवरील छप्पर आणि मंजूर नकाशा

अंगणात चार खांब रोवून गाडीसाठी पत्रा घालणे अनेकांना किरकोळ काम वाटते. भिंतीच नाहीत, मग परवानगी कशाला? परंतु भूखंडाची हद्द आणि इमारत यांमधील सामासिक अंतर उजेड, वारा व अग्निशमन यांसाठी मोकळे राखलेले असते. त्यावरील छप्पर भिंतींविनाही बांधकाम ठरू शकते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ अन्वये असे विनापरवाना बांधकाम काढण्याची नोटीस येऊ शकते. नोटिशीच्या मुदतीत ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र नियमांत बसणारेच टिकते. शेजाऱ्यानेही शेड घातली आहे, हे उत्तर तेथे चालत नाही. अन्य राज्यांत नियम निराळे आहेत.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये गृहकर्जासाठी बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असल्याची खातरजमा करण्याचे निर्देश बँकांना दिले. त्यामुळे आपण घर विकावयास काढल्यावर नकाशाबाहेरील शेडपायी खरेदीदाराचे कर्ज अडू शकते. म्हणून पत्रा आणण्यापूर्वी वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशा तयार करून तो स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा आणि त्याची एक प्रत आपल्या कर्जशाखेतही द्यावी.