तीन तालवादकांचा वाद्यवृंद

मैफलीला तबलजी तिघे यावेत आणि गवई एकही नसावा, अशी काहीशी अवस्था १९७९ साली लंडनमध्ये एकत्र आलेल्या चार तरुणांची होती. मार्क किंग हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर १९५८ मध्ये जन्मलेला ड्रमवादक. त्याच बेटावर वाढलेला फिल गूल्ड हाही ड्रमवादकच. गिल्डहॉल या लंडनच्या संगीतविद्यालयात फिलची ज्याच्याशी ओळख झाली, तो माइक लिंडअप पियानो वाजवीत असे खरा. परंतु तालवाद्यांचेही रीतसर शिक्षण त्याने घेतले होते. चौथा फिलचा भाऊ बून. त्याच्या हाती तेवढी गिटार होती. पुढे ‘लेव्हल ४२’ या नावाने जो जॅझ-फंक वाद्यवृंद ब्रिटनमध्ये गाजला, तो या अडचणीतून उभा राहिला. नावातील आकडा डग्लस अॅडम्स यांच्या एका विनोदी कथेतला. विश्वाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर ‘४२’ असे त्या कथेत एक यंत्र देते. ही कथा १९७८ मध्ये बी. बी. सी.च्या नभोवाणीवरून प्रथम प्रसारित झाली होती.

जॅझ-फंक म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. फंक हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नृत्यसंगीत. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर भक्कम आघात करावयाचा आणि उरलेल्या मात्रांत सर्व वाद्यांनी एकमेकांच्या जागा चुकवून लहान लहान तुकडे भरावयाचे, ही त्याची रीत. तिच्यावर जॅझमधील गुंतागुंतीचे स्वरसंघ आणि उत्स्फूर्त विस्तार यांची जोड दिली की जॅझ-फंक होते. अमेरिकेत हर्बी हॅनकॉक यांनी १९७३ च्या ‘हेड हंटर्स’ या संग्रहात हा मार्ग प्रशस्त केला. ब्रिटनमध्ये त्याचा प्रसार झाला तो प्रथम नृत्यगृहांतून. समुद्रापलीकडून आलेल्या तबकड्या तेथे लावल्या जात आणि तरुण मंडळी त्यांवर नाचत. या चौघांची आवड मात्र नृत्यगृहापुरती नव्हती. जॉन मॅकलॉक्लिन यांच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’चे वेगवान, बिकट वादन किंगने लहानपणापासून कानांत साठविले होते. (मॅकलॉक्लिन या इंग्रज गिटारवादकाला ‘महाविष्णु’ हे नाव त्याचे बंगाली गुरू श्रीचिन्मय यांनी दिले होते.)

एका वाद्यवृंदात दोन ड्रमवादकांचे काय करावयाचे? ड्रम फिलकडे राहिले आणि किंगने बेस गिटार उचलली. जाड तारांची आणि खर्जात बोलणारी ही गिटार एरवी मागे राहून स्वरांचा पाया सांभाळते. किंग त्या सुमारास लंडनमधील एका वाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. तेथे येणारे अमेरिकी वादक ती वेगळ्याच रीतीने वाजवून दाखवीत, तेवढे पाहून त्याने ती विद्या उचलली. तिचा जनक लॅरी ग्रॅहॅम. तरुणपणी तो आपल्या पियानोवादक आईबरोबर क्लबांतून वाजवीत असे. साथीला ड्रमवादक उरला नाही, तेव्हा मोठ्या ड्रमच्या ठोक्याऐवजी तो अंगठ्याने तारेवर थाप मारू लागला आणि लहान ड्रमच्या फटक्याऐवजी बोटाने तार ओढून सोडू लागला. सुटलेली तार गिटारच्या पट्टीवर आपटते आणि कडक, धातूसारखा नाद उठतो.

ग्रॅहॅमने ड्रम नसल्यामुळे जे केले, ते किंगने ड्रम हातचे गेल्यामुळे केले. ड्रमवादकाचे मनगट त्याच्यापाशी होतेच. उजव्या अंगठ्याच्या दोन थापांमध्ये तो डाव्या हाताची बोटे तारांवर आपटून सूर नसलेले, नुसत्या तालाचे आघात भरी. त्यामुळे त्याची गिटार पखवाजाच्या परणीसारखी अखंड बोलत राही. फिलचे ड्रम आणि ही गिटार यांचे जे विणकाम होई, त्यातच या वाद्यवृंदाचे खरे वैशिष्ट्य आहे. पाचवा मदतनीस वॅली बदारू. मूळ बेनिनच्या, पॅरिसमध्ये जन्मलेल्या या कलावंताची फिलशी गाठ ‘एम’ या नावाने तबकड्या काढणाऱ्या रॉबिन स्कॉट यांच्या ध्वनिमुद्रणात पडली. सिंथेसायझरवरील त्याचे स्वर आरंभीच्या सर्व तबकड्यांत आहेत. तो वाद्यवृंदाचा सभासद मात्र कधीच झाला नाही.

आता उणीव उरली ती गवयाची. चौघांचा मूळ मनोदय केवळ वादनाचा होता. ‘एलिट’ नावाच्या लहानशा कंपनीचे अँडी सोय्का यांनी त्यांचे वादन ऐकले आणि तबकडी काढावयाची तर गाणे हवे असे सांगितले. तेव्हा किंग आणि लिंडअप गाऊ लागले. किंगचा आवाज जाडसर आणि साधा, लिंडअपचा उंच आणि मुलायम. शब्द बहुतेक गूल्ड बंधूंनी लिहावयाचे, असे ठरून गेले. येथे किंगवर मोठेच संकट आले. हातांनी तालाचे असे गुंतागुंतीचे तुकडे वाजवावयाचे आणि गळ्याने त्यांच्याशी न जुळणारी, निराळ्या वळणाची ओळ म्हणावयाची, हे ज्याने करून पाहिले असेल त्यालाच त्यातील कष्ट कळतील. किंगने ते साधले, एवढेच नव्हे तर ते सहज वाटावे इतके साधले.

१९८० मध्ये निघालेली ‘लव्ह मीटिंग लव्ह’ ही पहिली तबकडी खपाच्या यादीत ६१ व्या क्रमांकापर्यंतच गेली. परंतु तेवढ्यावरून ‘पॉलिडोर’ या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. ‘फ्लीटवुड मॅक’च्या आरंभीच्या ब्लूज-तबकड्यांचे निर्माते माइक व्हर्नन यांच्या हाताखाली १९८१ चा पहिला संग्रह तयार झाला आणि तो विसाव्या क्रमांकावर पोचला, त्यातील ‘लव्ह गेम्स’ हे गीत ३८ व्या. एलिटसाठी १९८० च्या जुलै-ऑगस्टमध्ये केलेली मुद्रणे पॉलिडोरने १९८२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. वाद्यांना मोकळे रान मिळाले म्हणजे ही मंडळी काय करीत, हे त्यांत स्वच्छ ऐकू येते. नंतरच्या सफाईदार तबकड्यांहून ही कच्ची मुद्रणे अधिक जिवंत आहेत, असे म्हणणे अवाजवी होणार नाही.

१९८३ मध्ये ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली. ज्या ‘अर्थ, विंड अँड फायर’ने अमेरिकी फंकचे राज्य गाजविले, त्यातील लॅरी डन आणि व्हर्डीन व्हाइट हे आता त्यांचे निर्माते होते. व्हाइट स्वतः नामांकित बेस गिटारवादक. तेथे मुद्रित झालेले ‘द सन गोज डाउन’ हे गीत ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेले आणि ज्यांनी नृत्यगृहाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता अशा घरांतूनही हे नाव ऐकू येऊ लागले. गाणे पुढे आले, तसतसे वादन आखडत गेले. हा पॉपकडचा वाढता कल फिलला रुचला नाही. १९८५ आणि १९८६ च्या मोठ्या यशानंतर, १९८७ मध्ये, तो आणि बून दोघेही वाद्यवृंद सोडून गेले. ड्रमवर तेव्हा नवा माणूस बसला. किंग आपली गिटार छातीशी उंच बांधून अंगठ्याने ठोके देतच राहिला.