काला अंबची नदी आणि पानिपतची लढाई

जानेवारीची १४ तारीख जवळ आली, की कोणी ना कोणी बहुश्रुत गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, की पानिपतच्या लढाईतील मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांचा अखेरचा संग्राम 'काला अंबच्या नदीकाठी' झाला. आणि पुराव्यादाखल नकाशावर बोट ठेवतात. ते बोट पडते हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यातील, पानिपतच्या उत्तरेस शंभराहून अधिक किलोमीटरांवरील, कारखान्यांनी गजबजलेल्या एका सरहद्दीच्या गावावर! नावे जुळली म्हणून मुलूख जुळत नाहीत, एवढे तरी सुशिक्षितांना सांगावे लागू नये.

पानिपतचा काला अंब म्हणजे शहराबाहेरचे सपाट मैदान आणि त्यावरील विटांचा स्मृतिस्तंभ; तिथे नदी नाही. यमुना आहे ती पूर्वेस काही मैलांवर, आणि युद्धाशी तिचा संबंध निर्णायक असला तरी निराळा आहे: ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांचा प्रतिस्पर्धी अहमदशाह अब्दाली बागपतजवळ ती उतरून आला, मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये ठाण मांडून बसला, आणि पुढे मराठ्यांची रसद तुटली. शंका असेल त्याने शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांचा वृत्तान्त उघडून पाहावा. नदी उतरल्याचा प्रसंग त्यात आहे.

नकाशातल्या त्या हिमाचली काला अंबजवळची नदी मारकंडा. बिचारीला पानिपतात ओढण्याचे कारण नाही, कारण तिची स्वतःची हकिकत पुरेशी मनोरंजक आहे. नाहनच्या बाजूस कटासनच्या डोंगरात उगम पावून सुमारे २४ किलोमीटरांतच ती सिरमौरची हद्द संपवते आणि काला अंबशी मैदानात उतरते. खालच्या टेकड्यांवर सालाची रानेच्या राने, आणि पात्रात शिवालिकच्या ठिसूळ वालुकाश्मातून सुटलेले गोटे व रेती; याच खोऱ्यात सुकेती येथे प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म सापडले आणि १९७४ साली त्यांचे उद्यान झाले. त्याच डोंगररांगेतली बाटा नदी मात्र नेमकी उलट दिशेस, पूर्वेकडे वाहत जाऊन यमुनेला मिळते. म्हणजे एका रांगेवर पडलेल्या पावसाचे पाणी गंगेच्या प्रदेशात जायचे की पश्चिमेकडे, याचा निवाडा तिथला उतारच करतो.

'हिमाचलची नदी म्हणजे बर्फाचे पाणी', हेही ऐकू येते. मारकंडेच्या उगमाशी हिमनदी नाही. ती पावसावर जगते, म्हणून उन्हाळ्यात तिचे पात्र वाळवंटासारखे दिसते आणि पावसाळ्यात, २०२३ च्या जुलैप्रमाणे, तीच नदी हरियाणातल्या शाहाबादेत लोकांच्या घरांत शिरते.

सगळ्या नद्या समुद्रास मिळतात? मारकंडा घग्गरला मिळते, आणि घग्गर राजस्थानच्या वाळूत जिरते.

राहता राहिला पानिपतच्या काला अंबला नाव देणारा, लढाईतल्या रक्ताने काळा झाला म्हणतात तो आंबा. झाड आज नाही, आख्यायिका आहे. पण आंब्याची दाट पालवी जून झाली की मुळातच काळपट दिसते, त्यासाठी रक्ताची गरज नसते.