रोव्हर कारखान्याच्या वांटणीची हकीकत

पाश्चात्त्य कंपन्यांनीं आपली विद्या व आपली मालकी चिनी भांडवलदारांस वांटून द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न या त्रैमासिकाच्या पानांवर आलेला पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु हा प्रश्न अखेर खरेदीखतांचा आहे, आणि खरेदीखतें बारकाईनें वाचण्याची संवय आमच्या वाचकांस आहे. इतरत्र त्याची चर्चा ‘द्यावें’ किंवा ‘देऊं नये’ एवढ्यावरच संपते. ज्यानें वतनाचे तंटे वाचले आहेत त्यास ठाऊक असतें कीं, भोगवटा एकाकडे, सनद दुसऱ्याकडे व शिक्क्याचा मान तिसऱ्याकडे, अशी स्थिति वारंवार उद्भवते. म्हणून कोणी ‘दिलें’ असें म्हटलें कीं काय दिलें व कोणत्या क्रमानें दिलें, हें आधीं पाहावें लागतें. इंग्लंडांतील रोव्हर मोटार-कारखान्याचें प्रकरण या दृष्टीनें फार उद्बोधक आहे.

बर्मिंगहॅम शहरालगत लाँगब्रिज येथें हर्बर्ट ऑस्टिन यानें १९०५ सालीं मोटारींचा कारखाना घातला. अनेक मालकांच्या हातून जाऊन १९९४ त तो, रोव्हर मंडळीच्या इतर मिळकतीसह, जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीकडे आला. सहा वर्षें तोटा सोसल्यावर बीएमडब्ल्यूनें मे २००० मध्यें तो कांहीं इंग्रज गृहस्थांच्या फीनिक्स नामक मंडळीस अवघ्या १० पौंडांस दिला. एमजी हें नांव कारखान्याबरोबर गेलें. ‘रोव्हर’ हें नांव मात्र विकलें नाहीं, तें वापरण्याची परवानगी तेवढी दिली. हें कलम वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

नव्या मालकांजवळ नवी मोटार सिद्ध करण्याइतकें भांडवल नव्हतें. जून २००४ मध्यें त्यांनीं शांघायच्या एसएआयसी या सरकारी कंपनीशीं सहकार्याचा करार जाहीर केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुढें आलेल्या योजनेप्रमाणें शांघायकरांनीं सुमारें १०० कोटि पौंड घालावे व संयुक्त कंपनींत ७० टक्के हिस्सा घ्यावा, असें घाटत होतें. पण भागीदारीचा लेख पुरा होण्यापूर्वींच रोव्हर २५ व ७५ या मोटारींचे आणि इंजिनांचे आराखडे, त्यांवरील बौद्धिक स्वामित्वासह, ६ कोटि ७० लक्ष पौंडांस शांघायला विकून झाले.

आमच्या मतें घात झाला तो येथें. ज्या वस्तूसाठीं भागीदार उंबरठ्याशीं आला तीच त्याच्या पदरीं आधीं पडली. मग घरांत येऊन घराचें कर्ज डोक्यावर घेण्याची त्यास गरज काय? एप्रिल २००५ मध्यें बोलणें फिसकटलें, कंपनीचें दिवाळें वाजलें व सुमारें ६,००० कामगारांचा रोजगार गेला. कारखान्यास तेव्हां शंभर वर्षें होत होतीं. शांघायकरांस फसवे म्हणणें मात्र न्यायाचें नाहीं. घेतलें त्याचा दाम त्यांनीं दिला, आणि कंपनी बुडेल ही त्यांची धास्ती खरीच ठरली. ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या चौकशी-अधिकाऱ्यांचा विस्तृत अहवाल सप्टेंबर २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत कडक ताशेरे आहेत ते इंग्रज संचालकांवरच.

यापुढील भाग संग्राहकांस विशेष रुचेल. जुलै २००५ मध्यें नान्जिंग ऑटोमोबाइल या दुसऱ्या चिनी कंपनीनें उरलेला कारखाना, एमजी या नांवासह, ५ कोटि ३० लक्ष पौंडांस घेतला व यंत्रें उतरवून नान्जिंगला नेलीं. म्हणजे आराखडे शांघायला, अवजारें नान्जिंगला. राहिलें ‘रोव्हर’ हें नांव. तें शांघायकर बीएमडब्ल्यूकडून घेऊं पाहत होते. पण जुन्या कराराच्या आधारें पहिला हक्क फोर्ड कंपनीचा होता, कारण लँड रोव्हर तिच्याकडे होती. २००६ त तिनें तो बजावला. तेव्हां शांघायकरांनीं ‘रोएवे’ असें नवेंच नांव घडविलें. परिणाम असा कीं, २००७ सालीं एकच रोव्हर ७५ एसएआयसीकडून रोएवे ७५० म्हणून व नान्जिंगहून एमजी ७ म्हणून निघूं लागली: एका पोथीच्या दोन प्रती, आणि मूळ शीर्षक तिसऱ्याच्याच दप्तरांत! डिसेंबर २००७ मध्यें दोन्ही चिनी कंपन्या एक झाल्या. ‘रोव्हर’ हें नांव २००८ त जग्वार व लँड रोव्हर यांबरोबर मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आलें.

नुसत्या आराखड्यांनीं शांघायकरांचें काम भागलें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. इंग्लंडांतील रिकार्डो या अभियांत्रिकी कंपनीमार्फत लाँगब्रिजचे बेकार झालेले इंजिनियर कामास लावले, तेव्हां ती मोटार पुन्हा उभी राहिली. मोडीचा रुमाल हातीं आला तरी मोडी वाचणारा लागतोच.

याच्या उलट स्वीडनची व्होल्वो. १९९९ त सुमारें ६४५ कोटि डॉलरांस घेतलेली ही मोटार-कंपनी फोर्डनें २०१० सालीं १८० कोटि डॉलर किंमत ठरवून चीनच्या जीली कंपनीस समूळ विकली. मालकी सगळी गेली. तरीहि मुख्य कचेरी गोटेन्बर्ग येथेंच राहिली, फोर्डच्या तंत्रज्ञानाचा वापर परवान्यांच्या कलमांनीं बांधून घेतला गेला, आणि २०१३ त जीलीनें गोटेन्बर्गलाच नवी अभियांत्रिकी संस्था काढून दोन्ही घरांच्या मोटारींस चालेल असा सांगाडा तयार करविला. मालकी देण्यास भ्यावें असें यावरून आम्हांस वाटत नाहीं. विद्या मालकीपासून तोडून, निकडीच्या वेळीं, आधीं विकणें यास मात्र भ्यावें. अर्थात् अटींनाहि मुदत असते. जर्मनीच्या कूका या यंत्रमानव बनविणाऱ्या कंपनीची बहुतेक मालकी चीनच्या मिडिया कंपनीनें घेतली, तेव्हां कामगारांस व कारखान्यांस अभय देणारा २०१६ चा करार २०२३ अखेरपर्यंतचाच होता.

खुद्द चीननें १९९४ पासून मोटार-धंद्यांत परक्यांस निम्म्याहून अधिक हिस्सा धरूं दिला नव्हता. प्रवासी मोटारींपुरती ही मर्यादा २०२२ त उठली. तोंवर प्रवाह उलटूं लागला होता. २०२३ त जर्मनीच्या फोक्सवागन कंपनीनें एक्सपेंग या चिनी कंपनीचा सुमारें ५ टक्के हिस्सा घेण्याचें ठरविलें, तें तिच्या विद्येवर नजर ठेवूनच.

आमच्याकडे एप्रिल २०२० मध्यें सरकारनें सरहद्दीस लागलेल्या देशांतील भांडवलास पूर्वपरवानगी आवश्यक केली. पुण्याजवळ तळेगांव येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा चीनच्या ग्रेट वॉल कंपनीचा बेत त्या परवानगीवांचून २०२२ त मोडला. एसएआयसीनें तर एमजी हें लाँगब्रिजचें नांव २०१९ तच गुजरातेंत हालोलच्या कारखान्यांतून येथें आणलें होतें. नव्या नियमानें चीनहून आणखी भांडवल येणें अडलें, तेव्हां नोव्हेंबर २०२३ मध्यें तिनें मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहास येथील धंद्याचा ३५ टक्के हिस्सा देण्याचा करार केला. या खेपेस वांटून देणारी कंपनी चिनी होती. आणि लाँगब्रिजच्या मिळकतीपैकीं ‘रोव्हर’ हें नांव टाटांच्या घरीं, तर एमजीच्या येथील धंद्याचा तिसरा हिस्सा जेएसडब्ल्यूच्या घरीं, असे दोन वांटे मुंबईंत येऊन पोहोंचले.