बुधल्यातील वाइन आणि कायद्याची रेषा

इंग्लंडमधील एखाद्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी, उबदार कपाटात ठेवलेला काचेचा एक बुधला दिसतो. त्याच्या बुचात बसविलेल्या वक्र नळीतील पाण्यातून क्षणाक्षणाला बुडबुडा फुटत असतो. दुकानातून आणलेल्या संचातून घरच्या घरी पांढरी वाइन तयार करण्याचा हा उद्योग तेथे कोणासही चोरटा वाटत नाही. त्यामागे विज्ञान आहे, तसाच कायद्याचा एक विचारही आहे.

संचात द्राक्षांचा आटवलेला रस, यीस्टची पुडी आणि वाइन टिकविण्याची व निवळण्याची द्रव्ये असतात. लहान संचातून साडेचार लिटर, म्हणजे सहा बाटल्या, तर मोठ्यातून 23 लिटर वाइन होते. यीस्टच्या सजीव पेशी साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. वक्र नळी हा वायू बाहेर सोडते, पण हवेला आत येऊ देत नाही. हवा शिरली तर पांढरी वाइन तपकिरी पडते, आणि जंतूंनी साधले तर तिचा सिरका होतो. तांबडी वाइन सालींसह आंबवतात. पांढरी मात्र केवळ रसाची, आणि म्हणूनच अस्वच्छतेचा वा उतावळेपणाचा दोष तीत लपत नाही. हायड्रोमीटरने साखर संपल्याची खात्री करावयाची, साका तळाशी बसू द्यावयाचा, वरचा स्वच्छ द्रव नळीने काढून घ्यावयाचा आणि मग थांबावयाचे. यात पैशापेक्षा धीर अधिक लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले साखरेचे नियंत्रण 1953 मध्ये उठले आणि ब्रिटनमध्ये या छंदाला बहर आला. घरगुती बिअरसाठी 1880 पासून परवाना लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी 1963 च्या अर्थसंकल्पात ते बंधन काढून टाकले. मात्र सरकारने दोन रेषा कायम ठेवल्या. स्वतःपुरते करावे, विकू नये. आणि आंबवावे, पण परवान्यावाचून ऊर्ध्वपातन करू नये.

या रेषा नसल्या म्हणजे काय होते, हे अमेरिकेने दाखविले. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात कॅलिफोर्नियातील द्राक्ष-उत्पादकांच्या एका कंपनीने आटवलेला रस ‘व्हाइन-ग्लो’ या नावाने घरोघरी पोचविला. कायद्यातील फळांच्या रसाच्या सवलतीचा तो आधार होता. सरकारच्या इशाऱ्यानंतर 1931 मध्ये ही विक्री थांबली. कायदा आणि व्यवहार एकमेकांची थट्टा करू लागले, की कायद्याविषयीचा आदरच प्रथम आंबतो.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी असे मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. नाशिकच्या द्राक्षांच्या वाइनला राज्याने 2001 मध्ये धोरण आखून उत्तेजन दिले. म्हणजे कारखान्याची वाइन हा उद्योग ठरला आणि बुधल्यातली गुन्हा. ही विसंगती दाखविणे सोपे आहे. परंतु 2015 मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हेही विसरता येत नाही. ते विष मेथॅनॉलचे होते, घरच्या बुधल्याचे नव्हे, हे खरे. तरीही ज्या स्त्रियांनी गावोगावी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले, त्यांना हा भेद कितपत सांत्वन देणार?

म्हणून ब्रिटनचा कायदा जसाच्या तसा उचलून आणावा, असे कोणी म्हणणार नाही. त्यापासून शिकावयाचे ते निराळेच आहे. घरगुती उपयोग आणि विक्रीचा धंदा, आंबविलेला रस आणि प्राणघातक विष, यांतील फरक स्पष्ट शब्दांत मांडणारा कायदाच पाळला जातो. सर्वांना एकाच मापाने मोजणारा कायदा निरुपद्रवी माणसाला भिववितो आणि विषाच्या व्यापाऱ्याला गर्दीत लपू देतो. बुधल्यातला साका खाली बसेपर्यंत थांबावे लागते. कायदा करणाऱ्यांनीही तेवढा धीर धरून गढूळ आणि निवळ वेगळे करावे.