जुनी किट कार उभी करताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर जिल्ह्याला स्वतः मोटार बनवायची हौस नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत छोटी मोटार बनवायला घेतली आणि सत्तरच्या दशकापर्यंत या ‘मीरा’ मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. तिचं कारखान्यातलं उत्पादन मात्र कधी सुरू झालं नाही. आजही शेडमध्ये धूळ खात पडलेली जुनी किट कार दिसली, की ‘त्यात काय, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभी करू’ असं म्हणणारे इथं भेटतात. त्यांचं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल हे सहा मुद्दे.

गैरसमज : किट कार म्हणजे जुगाड.
वस्तुस्थिती : यात कंपनी चासी आणि बॉडी सुट्या भागांत देते, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल बहुधा बाजारातल्या दुसऱ्या गाडीचे असतात. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशीच विकली जाई, कारण जोडलेल्या गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सोय संपली. भाग असे दुसऱ्या गाडीचे असतात, म्हणून आधी ओळखायचं, ते आतले भाग कोणत्या गाडीचे आहेत. पिस्टन रिंग असो वा क्लच प्लेट, ती त्याच गाडीच्या नावानं मागावी लागते.

गैरसमज : बॉडी फायबरची, मग गंजाची भीती नाही.
वस्तुस्थिती : फायबर गंजत नाही, पण त्याखालची चासी बहुधा लोखंडाचीच असते. बॉडी जिथं चासीला बोल्टनं बसते, तिथं पाणी साचतं आणि गंज आतून खातो. वरून रंग चकचकीत असला, तरी बॉडी उचलून चासी ठोकून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

गैरसमज : उद्यमनगरात कुठलाही पार्ट बनतो.
वस्तुस्थिती : पुष्कळ बनतात. सिलिंडरचं बोरिंग, स्लीव्ह, बुशिंग ही इथल्या लेथवरची रोजची कामं. पॅटर्न करून दिला, तर मॅनिफोल्ड किंवा ब्रेक ड्रम फाउंड्रीत ओतता येतो. पण स्टब ॲक्सल आणि स्टिअरिंग आर्म बिडाचे करणं धोक्याचं आहे. बीड दाब सोसतं. मात्र ताण किंवा धक्का आला, की न वाकता एकदम तुटतं. म्हणून हे भाग मुळात फोर्जिंगचे असतात. ते फोर्जिंगचेच हवेत.

गैरसमज : दमदार इंजिन बसवलं, की काम झालं.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचं इंजिन घालायलाही आरटीओची परवानगी लागते. सुटे भाग जोडून घरी नवीन गाडी बांधली, तर मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचण्यांशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही.

गैरसमज : ५० वर्षं झाली, की गाडी आपोआप व्हिंटेज.
वस्तुस्थिती : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेला असावा आणि गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच बाहेर काढता येते. तिच्यातून रोज कामावर जाता येत नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला बाहेर पडणारी छत्रपती घराण्याची मेबॅक लोक आजही थांबून पाहतात, ती तिच्या मूळ रूपासाठी.

गैरसमज : १५ वर्षांनंतर गाडी भंगारातच.
वस्तुस्थिती : वयावरून थेट बंदीचा प्रश्न दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तपासणीत गाडी उतरली, तर ५ वर्षांसाठी तिचं नूतनीकरण होतं.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरसी बुक मागा, त्यातले चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहा, खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. क्रमांक जुळत नसतील, तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.